उतरत्या नटीचं काम मी केलं

भोरच्या बाजारात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि मी एका सिनेमात हिरॉईनचं काम केलं आहे. दोन्ही गोष्टी मी सारख्याच ताठ मानेनं सांगतो. ऐकणारा आधी माझ्या मिशीकडं बघतो, मग पोटाकडं. बघू द्यावं. सिनेमा बावीस मिनिटांचा आहे, मोबाईलवर काढलेला आहे आणि कुठल्याही थिएटरात लागलेला नाही. लागावा अशी आमची इच्छाही नव्हती.

ही आवड जुनी. विशीत मी पुण्यात एका ड्रेपरीच्या दुकानात कामाला होतो. नाटकांना, शाळेच्या गॅदरिंगला आम्ही पोशाख भाड्यानं द्यायचो. तिथं एक गिऱ्हाईक यायचं. कॉलेजात शिकवणारा, चाळिशीचा, अविवाहित माणूस. तो नेहमी बायकांचे चमकीचे झगे मागायचा, तेही जुने, टिकल्या गळालेले. एकदा मी विचारलं, "सर, नवीन असताना हे कशाला?" तो म्हणाला, "रविवारी दुपारी खोलीवर ये, दाखवतो."

त्याच्या खोलीवर सात-आठ जण जमिनीवर बसले होते. टीव्हीवर कॅसेट लागली. परदेशातले सिनेमे होते, पण आपण समजतो तसले नव्हेत. चार मित्रांनी मिळून आपल्याच घरात काढलेले, कुणाची परवानगी न घेता, कुणी विकत घेईल ही आशा न ठेवता. गोष्ट बहुतेक एकच. एक नटी असते. एके काळी तिला बघायला गर्दी व्हायची, आता कुणी ओळखत नाही. ती घरात दागिने घालून बसलेली असते आणि स्टुडिओतून बोलावणं येणार म्हणून वाट बघत असते. नटीचं काम करणारा बहुतेक वेळा एखादा जाडजूड पुरुष, बोटभर मेकअप थापलेला, अंगात तसलाच टिकल्या गळालेला झगा. महाल पुठ्ठ्याचा. एका सिनेमात ती फोन उचलून मोठ्या ऐटीत बोलते, "हो, मी तयार आहे." आणि कॅमेरा जरा खाली जातो तर फोनची वायर कशालाच जोडलेली नाही, नुसती लोंबतेय. खोली हसून लोळली. मीही हसलो, पण मधेच थांबलो. ती फोन ठेवून केस नीट करत होती, आणि ते मला खरं वाटलं.

मला ते का आवडलं हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. मी शिंपी आहे. कपडा हातात आला की आधी उलटा करून बघतो. वरून भरजरी दिसणाऱ्या ब्लाऊजची आतली शिवण कशी आहे त्यावर मी शिवणाऱ्याला जोखतो. मोठे सिनेमे आतली बाजू दाखवत नाहीत. हे सिनेमे उलटेच घालून फिरतात. विग सरकतो, भिंत हलते, रडणं खोटं असतं. तरी त्या नटीला पुन्हा कुणीतरी बघावं, ही तिची भूक मात्र खरी असते. खोट्याचा एवढा ढीग केला की त्यात एक खरी गोष्ट चटकन दिसते. तो शिकवणारा माणूस हे इंग्रजीतून समजावायचा. मला सुईदोऱ्यावरूनच कळलं.

पुढं भोरला आलो, दुकान टाकलं, लग्न केलं. बायको पासली गावची. दुकानात फॉल-पिको तीच बघते. मोबाईलवर तसले सिनेमे सापडायला लागले तेव्हा मी चोरून बघायचो. एकदा तिनं पकडलं. शेजारी स्टूल ओढून तिनं अख्खा सिनेमा पाहिला आणि शेवटी म्हणाली, "अहो, ही बाई रडतीय खोटं, पण रडायचं कारण खरं हाय." मला पुण्याच्या त्या खोलीत वीस रविवार घालवून जे कळलं होतं, ते तिला एका दुपारी कळलं. त्यानंतर चोरून बघायचं बंद झालं.

मग आपा आल्या.

आपा म्हणजे भोरच्याच, मुसलमान घरातल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या बाई. नदीच्या घाटावर पूर्वीपासून सिनेमांची शूटिंगं होतात. त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना तिथं एका कंपनीला हिरॉईनची मैत्रीण हवी होती. घाटावर धुणं धुणाऱ्या मुलींतून यांना उचललं. मग त्या कंपनीबरोबर कोल्हापूरला गेल्या. सहा वर्षांत सात सिनेमे केले. कधी मैत्रीण, कधी बहीण, कधी नाचणारी. पडद्यावरचं नाव वेगळं होतं. मग कामं थांबली, परत आल्या, एसटी डेपोतल्या मेकॅनिकशी लग्न केलं आणि संसार केला. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्या दुकानात आल्या त्या ब्लाऊजचं माप द्यायला. "पाठ खोल पायजे," म्हणाल्या.

"किती खोल, आपा?"

"तुमी लाजाल इतकी."

मी लाजलो नाही, शिवून दिला. तो घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमच्या मोबाईलवर जुने पिच्चर निघत्यात म्हनं. माझा एक काढा बरं."

सिनेमा निघाला. तुकडे पडलेली, धुरकट कॉपी होती. आम्ही तिघांनी अर्धा तास शोधल्यावर आपा सापडल्या. पाणवठ्यावर हिरॉईन गाते आणि कडेला एक पाठमोरी मुलगी घागर घेऊन उभी असते. वळायच्या आतच कॉपी कापलेली होती. पुढं त्या आल्या तेही तोंडावर पदर ओढून. बायको शिलाई मशीनकडं बघत बसली. आपांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "पाठच हाय. पन कशी ताठ हाय बगा."

तेव्हाच मी त्यांना माझे सिनेमे दाखवले. लोंबत्या वायरच्या फोनवाला सिनेमा बघताना त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "असलं करायला लागतं काय?"

"मोबाईल, आणि लाज सोडलेली माणसं."

"मंग करू की."

इथं माझी चूक झाली. मी उत्साहानं बोलून गेलो, "आपा, नटीचं काम तुम्हीच करायचं. तुमच्याशिवाय कोण करणार?"

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी तुमी मला उतरलेली समजता व्हय?" एवढं बोलून पिशवी उचलली आणि गेल्या. आठ दिवस फिरकल्या नाहीत. मला झोप लागेना असं म्हणणार नाही, पण दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या जोडल्या, हे खरं. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन माफी मागा, न्हाईतर दुकान बुडवाल."

मी गेलो. आपा दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी माफी मागितली. त्यांनी बसायला पाट दिला आणि शांतपणे सांगितलं, "मास्तर, म्या ते काम केलं तर लोक म्हनतील बिच्चारी. खरीच उतरलेली, आन् पडद्यावर बी उतरलेली. त्यात कसली कला? मला बिच्चारी न्हाई व्हायचं. तुमी करा. तुमाला बगून कोन बिच्चारी म्हननार न्हाई. म्या शिकवीन."

मी माझ्या पोटाकडं पाहिलं. "मी?"

"व्हय, तुमी. पोटाचं काय, शालू झाकतो."

महिनाभर दुपारच्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी मला शिकवलं. चालायचं कसं, मान वळवायची कशी. "आधी डोळं, मंग मान, मंग खांदा." मी खुर्चीवर बसताना मागं वळून बघायचो. त्यावर त्या छडी आपटायच्या. "हिरॉईन मागं बगून बसत न्हाई. खुर्ची हाय ह्यावर तिचा इस्वास असतो." मी दोनदा खाली पडलो. तिसऱ्यांदा बसलो ते बरोबर खुर्चीवर, आणि त्या दिवसापासून माझी चालच बदलली असं बायको म्हणते.

गोष्ट आम्ही तिघांनी जुळवली. उतरत्या नटीच्या दारात एक निर्माता येतो. तिला वाटतं, नवा सिनेमा घेऊन आला. तो येतो तिचं घर शूटिंगसाठी मागायला. घर पाहिजे, ती नको. निर्माता आपांनी व्हायचं ठरवलं. मालकांचा जुना कोट काढला, काजळानं मिशी काढली. कॅमेरा बायकोकडं. महाल म्हणून पासलीला मेव्हण्यांचं नवं घर घेतलं, कारण त्यांचा हॉल राणी रंगाचा होता आणि छताला पीओपीची कमळं होती.

भातकापणी उरकून गेली होती. अंगणात पेंढ्यांची गंजी होती. मी उरलेल्या जरीच्या तुकड्यांचा शालू नेसून, ड्रेपरीतून आणलेला विग लावून आतल्या खोलीतून बाहेर आलो तर समोर सासूबाई. आयुष्यभर ज्या जावयापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तो जावई लिपस्टिक लावून उभा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग जवळ आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, पदर नीट घ्या. मानसं बगत्यात." आणि स्वतःच्या हातानं पिन लावून दिली. आपांनी त्यांना तिथल्या तिथं मोलकरणीचं काम देऊन टाकलं. चहाचा कप आणून ठेवायचा आणि नटीकडं कीव न करता बघायचं. सासूबाईंनी ते एका झटक्यात केलं.

शेवटचा प्रसंग घेताना मात्र ठरलं होतं तसं झालं नाही. निर्मात्यानं "घर देता का?" एवढंच विचारायचं होतं. आपा कोटाच्या खिशात हात घालून उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघत राहिल्या आणि स्वच्छ शहरी मराठीत बोलल्या, "बाई, तुमचा चेहरा ठेवतो. आवाज दुसरीचा घालतो. तुमचं बोलणं गावठी आहे."

हे वाक्य कागदावर नव्हतं. मला कळेना पुढं काय. विग कानावर सरकला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मी बोलले होते ते कुठं गेलं?"

आपांची काजळाची मिशी थरथरली. क्षणभर वाटलं, आता त्या रडणार. पण त्या हसल्या. निर्माता हसतो तसं नाही, आपा हसतात तसं, मोठ्यानं. बायकोनं कॅमेरा बंद केला नाही. ते हसणं सिनेमात तसंच आहे, आणि सिनेमा तिथंच संपतो.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "असं तुम्हाला कुणी म्हणालं होतं?"

"सातीच्या सात पिच्चरमंदी," त्या म्हणाल्या. "माझा आवाज एका बी पिच्चरमंदी न्हाई. आज आला."

सिनेमा आम्ही भोरमधल्या एका क्लासच्या वर्गात, रविवारी दुपारी दाखवला. खिडक्यांना माझ्या दुकानातलं काळं अस्तर लावलं. माझी गिऱ्हाईकं, त्यांच्या जावा-नणंदा, आपांच्या मोहल्ल्यातल्या बायका, कॉलेजची चार पोरं आली. पडद्यावर मी खुर्चीवर बसलो तेव्हा शिट्ट्या पडल्या. विग सरकला तेव्हा हशा झाला. आणि "कुठं गेलं?" ला सगळे एकदम गप्प झाले. बायका हसत होत्या तशाच तोंड उघडं ठेवून थांबल्या. वर्गात मागं उभं राहून मी ती शांतता ऐकली. पुण्याच्या खोलीत मी एकटाच थांबलो होतो, इथं अख्खा वर्ग थांबला.

संपल्यावर एक ओळखीचा गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, "लेडीज टेलर आता लेडीज झाला!" मी काही म्हणायच्या आत आपा म्हणाल्या, "झाला तर झाला. तुमच्यानं त्यातलं येक तरी पाऊल टाकवल का?" तो हसला आणि चपला शोधायला लागला. पुढच्या आठवड्यात त्याची बायको तीन ब्लाऊज घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्यांचं मनावर घेऊ नका. घरी तुमची चाल करून दाखवत होते." मी विचारलं, "जमली का?" ती म्हणाली, "खुर्चीवरनं पडले."

नंतर पुण्यात काही तरुण पोरांनी एका फ्लॅटमध्ये आमचा सिनेमा दाखवला आणि आम्हाला बोलावलं. चष्मेवाल्या एका मुलीनं आपांना विचारलं, "तुम्हाला या सिनेमातून स्वतःचं दुःख मांडायचं होतं का?"

आपा म्हणाल्या, "न्हाई गं बाई. मला विनोदी काम करायचं व्हतं. सा वर्सं मागत व्हते, कुनी देईना. सारखी आपली मैत्रीन न्हाईतर बहीन." सगळे हसले, तशा त्या जराशा वाकल्या, जुन्या सवयीनं, हात छातीशी नेऊन.

परत येताना नसरापूरला गाडी बदलायला उतरलो. चहाच्या टपरीशी कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. शेवटी धीर करून आली. "काका, तुम्ही त्या सिनेमातली हिरॉईन ना? आम्ही क्लासमध्ये बघितला होता." मी हो म्हणालो. तिनं फोटो काढून घेतला. मग विचारलं, "आणि तो निर्माता कोण होता हो? भारी काम केलंय त्यानं."

आपा माझ्या शेजारीच बशीतून चहा पीत होत्या. मी सांगणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड दाबला. मुलगी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "सांगू नका. तिला पुरुष वाटला तो. लई दिसांनी कुनीतरी नुसतं काम बगितलं." आणि दुसरा चहा मागवला.