शिवणबाईंची दोन स्टुलं

शेवटचं भांडण आठवतंय का तुम्हाला? आणि त्यात समोरच्याचं म्हणणं काय होतं, तेही? लगेच सांगू नका, थापा माराल.

शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंनी भांडणांसाठी एक नियम काढला होता. दोघींनी समोरासमोर स्टुलांवर बसायचं आणि दुसरीची बाजू सांगायची. ती "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं गाऱ्हाणं काढायचं नाही. मुली आधी फुरंगटायच्या, मग सांगता सांगता फिसकन हसायच्या. मुख्याध्यापक याला पोरखेळ म्हणत. म्हणू देत! त्यांच्या खोलीत भांडणं मिटत नसत, दबत.

एके दिवशी एकाच मशीनवरून दोघींची जुंपली. एकीने दोऱ्याचा ताण बदलला, दुसरीच्या कॉलरला चुण्याच चुण्या. बाईंनी स्टुलं ओढली. कॉलरवाली बसेचना.

"बाई, तुम्ही बसलात का कधी? तुमची बहीण वरच्याच मजल्यावर राहते, सहा वर्षं बोलत नाही तुम्ही. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"बाहेर हो!" बाई कडाडल्या.

ती गेली. तिच्यामागून दुसरीही गेली. स्टुलं रिकामी.

मग बाईंचं कशातच मन लागेना. बॉबिन दोनदा उलटी बसवली, सुई मोडली. नियमच खोटा ठरला, तर उद्या कुठल्या तोंडाने वर्गात जायचं? शाळा सुटली तशा त्या घरी आल्या आणि पर्ससकट थेट वरचा जिना चढल्या.

धाकट्या बहिणीने दार उघडलं. "काय?"

"आईचं मशीन तू देऊन टाकलंस. तुझी बाजू मी सांगते. तुला माझा राग होता."

"नाही."

"मग अडगळ वाटली."

"नाही, ताई. तू आत येणार आहेस, की दारातूनच आरोप करणार?"

बाई आत आल्या. बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या. आई गेली तो दिवस. मशीनवर अर्धवट राहिलेला फ्रॉक. आणि कुणीतरी सारखं किंचाळत होतं...

"मीच ओरडत होते," त्या म्हणाल्या. "हे डोळ्यांसमोरून हलवा, म्हणून. तू माझ्यासाठी हलवलंस."

"हो," धाकटी म्हणाली. "हेच."

सहा वर्षं! उद्या बाईंना हे पोरींना सांगायचं आहे. तुमच्याकडे मात्र एकच मागणं आहे. सुरुवातीला विचारलेलं ते तुमचं भांडण आठवलं असेल, तर त्या माणसाकडे जा. आपली बाजू दाराबाहेर ठेवा, त्याची सांगा, आणि "हो, हेच" ऐकल्याशिवाय उठू नका.