दुसऱ्या दिवशीचं वाचन

डॉ. शैलजाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते डार्करूमच्या दारात. साल नव्वदच्या पुढचं. मी तेव्हा नाशिकच्या आमच्या तपासणी केंद्रात एक्स-रेच्या फिल्म धुवायचो. शिक्षण शाळेपुरतंच, काम बघून बघून शिकलेलं. नव्या आलेल्या ताई हातात ओली फिल्म धरून उभ्या होत्या.

“ही कोणी धुतली?”

“मी, बाई.”

“हा कोपऱ्यातला डाग बघा, अण्णा. तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे. मी त्याला गाठ समजणार होते!”

मला वाटलं, नोकरी गेली. ताईंनी पदर खोचला आणि कडेला धरून फिल्म कशी उचलायची ते दाखवलं. नंतर चहा मागवला. त्या दिवसापासून मी त्यांचा अण्णा झालो.

स्तनांच्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं शोधायचं असतं. वय कमी, तर फोटो आणखीच गच्च पांढरा. ताई ताटात तांदूळ निवडावेत तशा फोटो निवडत. त्यांची एक शिस्त होती. आज वाचायचं, सहीचा कागद पाकिटात घालून माझ्या खणात ठेवायचा. उद्या तेच फोटो क्रम बदलून, कालचं काही न बघता पुन्हा वाचायचे. दोन्ही वाचनं जुळली तरच पाकीट बाहेर. लोक म्हणत, बाई संशयी आहेत. ताई म्हणत, “संशय माझ्याच डोळ्यांवर आहे, अण्णा. ते कधी थकतात, ते मला सांगत नाहीत.”

त्यांच्याकडे एक वहीही असे. डाव्या पानावर सुटलेले आजार, उजव्या पानावर उगाच घाबरवलेल्या बायका. उजव्या पानाचंही त्यांना तितकंच लागे. पुन्हा तपासायला बोलावलेल्या बाईजवळ त्या स्वतः बसत, निकाल चांगला आला की आधी तिला सांगत, मग कागदावर लिहीत.

पुढे, दोन हजार साल उलटून गेल्यावर, डिजिटल यंत्र आलं. डार्करूमला कुलूप लागलं आणि मी कागद द्यायच्या खिडकीवर बसलो. फोटो क्षणात पडद्यावर. हवा तेवढा मोठा करा, उजळ करा. आम्हाला वाटलं, आता काय सुटतंय! ताई एवढंच म्हणाल्या, “फोटो चांगला झाला. बघणारी तीच आहे.”

आता जे लिहितो, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

देवळ्याच्या द्वारकाबाई जावेबरोबर आल्या होत्या. फोटो झाला, ताईंचं पहिलं वाचन झालं, पाकीट खणात आलं. द्वारकाबाई खिडकीशी.

“भाऊ, द्या ना कागद. फोटू तर लगेच दिसला आत.”

“उद्या मिळेल, बाई.”

“उद्या कुठून येऊ? घरी कांदा काढायला लागलाय. सांगा तरी, हाय का काय?”

जाऊ म्हणाली, “रातभर झोपली नाय वो ती.”

मी पाकीट उघडलं. ‘दोष आढळला नाही.’ मलाच बरं वाटलं. कागद देऊन टाकला. बाई हात जोडून, हसत एसटीला गेल्या.

दुसऱ्या सकाळी ताईंनी हाक मारली. “अण्णा, द्वारकाबाईंचं कालचं पाकीट काढा.”

मी खणाला हातही लावला नाही. “दिलं, ताई.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. काखेच्या बाजूला, रवा सांडावा तसे बारीक ठिपके. “काल इथंच होते. मी पाहिले नाहीत.” आवाज चढला नाही, त्यानंच मी जास्त घाबरलो. नोंदीत फोन नंबर नव्हता. कागदावर ‘काही नाही’ वाचून गेलेली बाई आपणहून परत कशाला येते? ताईंनी दिवसाचं काम सहकाऱ्याला सोपवलं आणि आम्ही गाडीनं निघालो.

देवळ्यात घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “कांदा जावेवर टाकून ती तर आनंदात माहेरी गेली, नामपूरला.” पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ताईंकडे बघायची हिंमत नव्हती.

नामपूरला द्वारकाबाई ओसरीवरच भेटल्या. ताईंना बघून त्यांचं हसू विरलं. “कागदावर लिवलंय ना, काय नाय म्हणून?”

“तो कागद माझ्या सहीचा आहे. मी चुकले. पुन्हा तपासावं लागेल.”

त्यांचा भाऊ उसळला. “काल बरोबर होत्या, आज चुकल्या. मग आजचं तरी खरं कशावरून?”

मी आत तुटत होतो. ताई ओसरीच्या पायरीवर बसल्या. “खरं आहे, दादा. माझ्या डोळ्यांवर सोडू नका. म्हणूनच सुईनं नमुना घ्यायचा. काही निघालं नाही, तर इथं येऊन तुमच्या शिव्या खाईन. आनंदानं खाईन.”

भाऊ बहिणीकडे वळून म्हणाला, “ताई, लुगडं बदल. जाऊन येऊ.”

नमुन्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. कर्करोग निघाला, पण लहान, जागच्या जागी. शस्त्रक्रिया झाली. द्वारकाबाई आजही दर वर्षी तपासायला येतात आणि मला खिडकीतून बजावतात, “भाऊ, उद्याचाच कागद द्या बरं का.”

त्या वेळी वहीच्या डाव्या पानावर ताईंनी लिहिलं, ‘वाचन माझं, चूक माझी.’ मी म्हणालो, “माझंही नाव लिहा. पाकीट मी दिलं.” त्या म्हणाल्या, “ही वही डोळ्यांच्या चुकांची आहे, अण्णा. तुमची चूक दयेची होती. पुन्हा करू नका.” आणि वही मिटली. केंद्रात सगळ्यांना एवढंच कळलं, की ताईंच्या हातून एक आजार सुटता सुटता राहिला. तो बोल त्यांनी इतकी वर्षं एकटीनं वागवला. आज त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात, सर्वांसमक्ष, मी माझा वाटा उचलतो.

ताई, तुम्हाला खूप वर्षं मिळोत, आणि ती दुखण्याखुपण्यावाचून जावोत. डोळे शाबूत राहोत, त्यांच्यावरचा संशयही शाबूत राहो. हे सगळं मी काल लिहिलं आणि खणात ठेवलं. आज पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा तेच निघालं. आता पाकीट द्यायला हरकत नाही.