भाऊजींचा पाठीमागचा हात

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलतात. अहो, भांडतातसुद्धा हाताने! एकदा ताई तावातावाने त्यांना काहीतरी सुनावत होती, तर यांनी शांतपणे मूठ वर धरली. मूठ म्हणजे थांब. ताई आणखीच भडकली आणि माझी हसून हसून पुरेवाट झाली.

त्यांचं कामच तसं आहे. क्रेन चालवते मी, वर केबिनमध्ये बसून; आणि खाली उभं राहून मला खुणा करतात ते भाऊजी. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली, की उतरव. तळहातावर दुसरा तळहात धरला, की हळू. खाली यंत्रांचा असा गदारोळ असतो, की घसा फोडून ओरडलात तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. म्हणून आमच्या धंद्यात एकच शिस्त: क्रेनवाल्याने आपल्या खुणावाल्याच्या हातांकडे बघायचं, बाकी जग गेलं उडत. मी वर्षानुवर्षं तेच करत आलेय. भाऊजींचा चेहरा एखाद दिवशी विसरेन, पण ते हात नाही.

त्यातला डावा तर लाखांत ओळखू येतो, कारण त्याची करंगळी अर्धीच आहे. तरुणपणी ते स्वतः ओझी बांधायचे, तेव्हाच्या खुणावाल्याचं लक्ष दुसरीकडे होतं आणि बोट दोराखाली सापडलं. बरं झाल्यावर दुसरा कोणी असता तर त्या क्रेनच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. हे थेट साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "खुणा मी करतो." तेव्हापासून त्यांच्या क्रेनखाली कोणाला खरचटलंसुद्धा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि मग नवी क्रेन आली! काय तिची उंची, बाई गं! वरून खालचा माणूस तिळाएवढा दिसतो, त्याची बोटं कुठून दिसणार? खुणा बंद, आता सगळं रेडिओवर. त्यातून नव्या कामावर माणसं देशोदेशींची, म्हणून रेडिओवर फक्त इंग्रजी. तीही कशीतरी चालणार नाही. 'उचलता येईल' आणि 'उचललंच पाहिजे' यांत डोक्यावर लोंबकळणाऱ्या लोखंडाएवढा फरक आहे. म्हणून खुणावाल्यांची परीक्षा ठरली. मी क्रेनवाल्यांची आधीच पास झाले होते. भाऊजी नापास झाले, तर ते गोदामात आणि माझ्या कानात कोणातरी परक्याचा आवाज.

"गोदाम काय वाईट आहे? सावलीत बसेन," भाऊजी म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. त्यांना ताटात काही टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"बसा खाली!" मी म्हटलं. "मी वर त्या ढगांत एकटी जाणार नाही, सांगून ठेवते. ताई, आजपासून याच स्वयंपाकघरात शिकवणी."

ताई दवाखान्यात फोनवर बसते. दिवसभर 'मे आय हेल्प यू' करून तिची जीभ त्या भाषेला सरावलेली. पण भाऊजींना तिने मे, कॅन, शुड, कुड, मस्ट असे शब्द दिले, की त्यांच्या तोंडून प्रत्येक वेळी मस्टच बाहेर पडायचं. चहा हवा तर "यू मस्ट टी." दार लोटायचं तर "यू मस्ट डोअर."

"ही विनंती आहे की धमकी?" ताईने कमरेवर हात ठेवून विचारलं. भाऊजींनी कपाळाला हात लावला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्यांचा तो कपाळावरचा हात बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अहो, हा माणूस जन्मभर हातानेच बोललाय, तर शब्दांना हात द्या की! मी ओरडलेच, "भाऊजी, मस्ट म्हणजे मूठ! तिथे वाद नाही. कॅन म्हणजे वर फिरणारं बोट, जमतं, ताकद आहे. शुड म्हणजे तुमचा हळूचा तळहात, असं केलेलं बरं. मे म्हणजे उघडा पंजा, परवानगी आहे. आणि कुड म्हणजे हात असा डुगडुगता, होईलही, नाहीही."

भाऊजींनी एकेक खूण करून बघितली. मग दोन्ही हात चोळले आणि म्हणाले, "मेहुणबाई, हे आधी नाही का सांगायचं!"

मग काय विचारता! घरात नुसता धुमाकूळ. पळीला दोरी बांधून आम्ही क्रेन केली, दोरीला तारेचा आकडा लावला. आकडा पातेल्याच्या झाकणात अडकवायचा, पळी मी धरायची, डोळे मिटून, आणि भाऊजींनी बोलायचं. रोज जेवायच्या आधी मी विचारायची, "मे आय लिफ्ट?" की ते पंजा, तळहात आणि डुगडुगता हात करत म्हणायचे, "यू मे लिफ्ट. यू शुड गो स्लोली. इट कुड बी हॉट." झाकण वर, वाफ भसकन बाहेर, ताईच्या टाळ्या. हे झाल्याशिवाय कोणाला वाढायचं नाही, असा ताईचा कायदाच झाला. एक-दोनदा झाकण आमटीत पडलं, ते सोडा.

मुश्कील एवढीच, की हात हलला तरच शब्द यायचा. हात गप्प, तर भाऊजी गप्प.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक बाई आल्या. चष्मा कडक, पण बोलणं गोड. आवारातल्या काचेच्या ऑफिसात भाऊजींना उभं केलं आणि मी समोरच माझ्या जुन्या क्रेनवर. रिकामा हूक खाली आणायचा, पाइपांची मोळी उचलायची आणि चुन्याने आखलेल्या वर्तुळात ठेवायची. बाजूच्या काचेतून खालचं सगळं दिसतं त्यांना. मी मात्र फक्त रेडिओ ऐकून हलायचं. भाऊजींनी घाबरून रेडिओचं बटण असं दाबून धरलं होतं, की आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

"एका हातात रेडिओ धरा," बाई म्हणाल्या, "आणि दुसरा पाठीमागे. हातवारे नकोत."

संपलं, म्हटलं मी! भाऊजी बाईंकडे तोंड करून उभे राहिले. आणि त्यांची पाठ कुठे होती? माझ्या समोरच्या खिडकीकडे! पाठीमागे घेतलेला तो डावा हात, अर्ध्या करंगळीसकट, थेट माझ्यासमोर!

हात लगेच बोलायला लागला. त्याला काय माहीत परीक्षा? बोट खाली गेलं, मग मूठ वळली, आणि रेडिओवर भाऊजी "यू... यू..." करत असतानाच माझा हूक खाली उतरून थांबलासुद्धा. शप्पथ सांगते, मी मुद्दाम नाही केलं. तो हात दिसला की माझ्या हातातला क्रेनचा दांडा आपोआप हलतो, त्याला मी तरी काय करू?

"अहो, तुम्ही बोलायच्या आधीच क्रेन हलतेय!" बाई म्हणाल्या. त्या भाऊजींच्या मागे आल्या, पाठीमागचा हात बघितला, मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी जीभ चावली. "आता हात अगदी स्थिर," म्हणत त्यांनी माझ्याकडच्या खिडकीचा पडदा सर्रकन ओढला.

खाली मोळी हुकाला बांधून झाली. दोघे कामगार बाजूला होऊन वर बघत उभे. रेडिओत फक्त भाऊजींचा श्वास. खुणावाला गप्प, तर क्रेन गप्प, हा नियम मी मोडणार नव्हते. पण जीव नुसता वर-खाली होत होता. तिथे पडद्यामागे माझ्या भाऊजींना गोदाम दिसत असणार, आणि मला इथून मदतीचा एक शब्दही बोलायची बंदी. क्रेनवाल्याला फक्त प्रश्न विचारता येतो.

प्रश्न! अहो, प्रश्न तर येतो की मला! भाऊजींचं बटण क्षणभर सुटलं, आणि मी माझं दाबून, स्वयंपाकघरातल्यासारखी खणखणीत आवाजात ओरडले, "मे आय लिफ्ट?"

पलीकडून एका दमात, घडाघडा आलं, "यू मे लिफ्ट. यू शुड गो स्लोली. इट कुड बी हॉट."

अरे देवा! हॉट! लोखंडी पाइपांच्या मोळीला हा माणूस आमटीच्या पातेल्यासारखं गरम म्हणतोय! मी केबिनमध्ये डोळेच मिटून घेतले.

"हॉट?" बाईंचा आवाज आला. "का बरं?"

आता कोणी प्रश्न विचारूनही उपयोग नव्हता, कारण पातेल्याचा धडा तिथेच संपायचा. पुढचं वाक्य आम्ही कधी घोकलंच नव्हतं. आणि मग भाऊजी बोलले. हळू, एकेक शब्द चाचपत, पण स्वतःचं. "पाइप्स आर इन सन. ऑल मॉर्निंग. मेन मस्ट वेअर ग्लव्हज. दे मस्ट नॉट टच."

मी खाली बघितलं. खरंच की! दोघेही उघड्या हातांनी मोळी सावरायला पुढे झाले होते. बाईंनी दार उघडून त्यांना हाक मारली, दोघांनी खिशातून हातमोजे काढून चढवले, आणि मग भाऊजींच्या आवाजावर मी ती मोळी अशी अलगद वर्तुळात ठेवली, की चुन्याची रेघसुद्धा पुसली नाही. पडदा बाजूला झाला. बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या, हसून हसून. "पास!" त्या म्हणाल्या. "पण आधी मला हे हॉट कुठून आलं ते सांगा." मी हॉर्न असा दाबून धरला, की सगळं आवार माना वर करून बघायला लागलं. ताईला ते दवाखान्यात ऐकू गेलं असं ती अजून सांगते, आणि मी काही तिला खोटं पाडत नाही.

आता आम्ही नव्या क्रेनवर आहोत. पहिल्याच दिवशी खालच्या पोरांनी भाऊजींना गाठलं. उजव्या हातातल्या रेडिओवर ते बोलत होते आणि डावा हात, पोरं नंतर सांगत होती, जोरात वर फिरत होता.

"काका, एवढ्या वर कोणाला दिसणार तुमच्या खुणा?"

बटण दाबलेलंच होतं, म्हणून मी ते ऐकलं.

"मेहुणबाईंना," भाऊजी म्हणाले. "तुम्ही बाजूला व्हा."

खरं तर मला काहीच दिसत नव्हतं. मी दांडा ओढला आणि ओझं उचललं.