पेन ड्राइव्ह लावायची परवानगी

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायचा अधिकार फक्त मला होता. काढायचाही.

मी सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी बायको सुनंदा, मुलगी श्रेया आणि रेल्वेतून रिटायर झालेले बाबा यांना एकेक खातं उघडून दिलं. मग एके दिवशी बाबांनी मित्राचा पेन ड्राइव्ह चालू असतानाच उपटला आणि त्या मित्राच्या नातवाचं बारसं कायमचं पुसलं गेलं. तेव्हापासून माउंट (पेन ड्राइव्ह रीतसर जोडणं) आणि अनमाउंट (रीतसर सोडवणं), ही दोन्ही खाती मी स्वतःकडे घेतली. दुसऱ्या कोणी लावला, तर पडद्यावर यायचं : आपल्याला परवानगी नाही.

"म्हणजे मले माह्याच घरात परवानगी नाही?" सुनंदाने विचारलं.

"सिक्युरिटी आहे ती," मी म्हणालो. (ऑफिसात एवढं म्हटलं की लोक गप्प बसतात.)

श्रेयाच्या कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचला साइट बंद. सुनंदाने गोल बाजारातल्या दुकानातून सगळी कागदपत्रं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर आणली. दुपारी अडीचला तिचा फोन.

"अहो, हा परवानगी नाही म्हणून राहिला."

"म्हणजे बरोबर चाललंय."

"काय बरोबर? पोट्टीचं वर्ष जाईन. पासवर्ड सांगा."

'पासवर्ड फोनवर सांगू नये' अशी नोटीस प्लांटच्या भिंतीवर मीच लावलेली आहे. त्या वेळी मी नेमका तिच्याखाली उभा होतो, आणि समोर साहेब चहा पीत होते.

"कशालाही हात लावू नका. मी येतो."

वाटेत उरला गावापाशी ट्रकांची रांग होती. तिच्यातून स्कूटर काढत, धुळीने लाल होऊन मी पावणेचारला घरी पोचलो. श्रेया तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली, "पापा, सुनो तो..."

"आता कोणी बोलायचं नाही," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो. बाबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तोही मी हातानेच बाजूला सारला.

पेन ड्राइव्ह लावला. पासवर्ड दिला. पडद्यावर आलं : आपल्याला परवानगी नाही.

पुन्हा दिला, एकेक अक्षर दाबून. या वेळी मजकूर वेगळा होता : आपण परवानगीच्या यादीत नाही, ही घटना कळवण्यात येईल.

"कोणाले कळवते?" बाबांनी विचारलं.

"ॲडमिनिस्ट्रेटरला."

"तो कोन आहे?"

"मीच."

"मंग तुले कळलं का?"

कळलं होतं. गेल्या रविवारी मी परवानगीची यादी साफ करायला बसलो होतो. चाचणीसाठी घातलेली फालतू नावं काढता काढता मी स्वतःचंही काढलं होतं. त्या कॉम्प्युटरवर आता परवानगी देणारा माणूसच उरला नव्हता.

पुढचा पाऊण तास मी जे केलं त्याला प्लांटमध्ये 'ट्रबलशूटिंग' म्हणतात. सुनंदाच्या मते मी घामाघूम होऊन एकच बटण दाबत होतो. साडेचार वाजले. मुलीचं वर्ष माझ्यामुळे जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"श्रेया," मी मान खाली घालून म्हणालो, "माझं चुकलं."

"पापा, फॉर्म तो तीन बजे ही भर दिया."

"कसा?"

"मोबाइल से फोटो खींचके. आप बोलने ही नहीं दे रहे थे."

"मी तुम्हाले फोन केले ना," सुनंदा म्हणाली. "चार वेळा. उचलून नाही राहिले तुम्ही."

मी बाबांकडे बघितलं. "मले वाटलं, तू दुसरं काही काम करून राहिला," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी श्रेयाने मोबाइलवर वाचून वाचून त्या कॉम्प्युटरचं कुलूप उघडलं आणि यादी नव्याने केली. त्यात ती आहे, सुनंदा आहे, बारसं पुसणारे बाबासुद्धा आहेत. माझा विषय निघाला तेव्हा सुनंदा म्हणाली, आधी सहा महिने वागणूक बघू. सध्या मला काही बघायचं असलं, की मी पेन ड्राइव्ह बाबांच्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो.