बटण चालू की बंद

आमच्या ह्यांना लोक उस्ताद म्हणतात. घरी मी काहीच म्हणत नाही, कारण म्हटलेलं ऐकू जात नाही. आधी वाटायचं, मुद्दाम करतात. नवरे करतातच.

रेडिओ, ॲम्प, स्पीकर दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला, आणि आमचं जेवणाचं टेबलही त्यातच गेलं. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

हॉटेलात गिटार वाजवणाऱ्या एका गृहस्थांना ह्यांनी फार पूर्वी घरीच गिटारचा आवाज मोठा करणारा, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प बनवून दिला होता. परवा ते तो घेऊन आले. “उस्ताद, आवाज कधी सभ्य हवा असतो, कधी मोकाट. एक बटण बसवा.”

“बसवू की,” हे म्हणाले. “स्पीकरकडे जाणारा आवाज थोडासा मागे वळवून उलटा आत सोडायचा, म्हणजे ॲम्प ताळ्यावर राहतो. बटणाने ती वाट बंद केली, की सुटला.”

एवढंसं काम. पण ह्यांनी पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा ॲम्पने अशी बारीक शिट्टी मारली की मी स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून धावत आले. हे निवांत चष्मा पुसत होते. मी ओरडले, तेव्हा प्लग काढला.

“तारा उलट लागल्या असतील,” म्हणाले. त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली आणि शिट्टी गेली. पण ती ह्यांना ऐकूच आली नव्हती. आम्हा दोघांनाही ते कळलं. ह्या कानांवरच आमचं घर चालतं.

दुसऱ्या दिवशी गिटारवाले आले. बटण बंद केलं की आवाज मोठा होतो, आणि मोठं ते चांगलं वाटतं. म्हणून दोन्ही वेळा आवाज सारखा ठेवायचा आणि पाठ फिरवून बटण चालू की बंद ते ओळखायचं, ही ह्यांची पद्धत. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गिटारवाल्यांनी बटण बंद केलं, आवाज कमी केला आणि वाजवलं.

“आता चालू आहे,” हे म्हणाले.

गिटारवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर, उस्ताद.”

पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकलं, पुन्हा “बरोबर”. मग ॲम्प उचलून ते भराभर निघून गेले.

हे टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. “चुकलं ना माझं?”

“ते बरोबर म्हणाले की.”

“ते म्हणणारच. पण माझं बरोबर आलं की तू टोमणा मारतेस. आज नाही मारलास.”

मला रडूच कोसळलं. जन्मभर तोंड चालवलं आणि नेमकं आज मिटलं.

“बटणाने फरक पडतो का गं? तुला कळला?”

“कळला. चांगला कळला,” मी मोठ्याने म्हटलं.

“मग काम बरोबर झालंय,” ते म्हणाले, आणि बराच वेळ टेबलापासून उठले नाहीत.