मशीनला दिलेले मार्क

मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. एकतीस वर्षं लातूरच्या शाळेत शिकवलं. पोरं मला लांबून बघितलं की वऱ्हांडा बदलायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. रिटायर झाले तेव्हा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. सुटला बिचारा. मग राग काढायला घरात उरली कामवाली.

माझ्याकडं ती एकोणीस वर्षं झाडू-फरशीला होती. किल्लारीकडची, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. एके काळी तिच्या हातात सहा घरं होती. गुडघे गेले तशी घरं गेली. शेवटी दोनच राहिली, माझं आणि माझ्या समोरच्या शेजारणीचं. या दोन घरांवर तिची चूल पेटत होती आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं सगळं मी ठाऊक असताना केलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

लेक नांदेडला असते, फ्लॅटमध्ये. तिच्याकडं झाडणारं-पुसणारं मशीन आहे. तिनं मलाही तसंच पाठवलं. जेवायच्या ताटाएवढं गोल, वर बटण, पोटाला फडकं बांधलेलं. दहा दिवस वापरून बघ, नाही पटलं तर परत पाठवता येतं, असं म्हणाली. मी म्हटलं, फुकट आलं म्हणून काही मी ठेवून घेणार नाही. परीक्षा होईल, मगच.

आणि खरोखरच परीक्षा लावली. दर्शनी खोली आणि माझी झोपायची खोली मशीनला. स्वयंपाकघर आणि मागची खोली कामवालीला. दोघांचं झालं की मी नवे पांढरे मोजे घालून मशीनच्या खोल्यांतून फिरायचं, मग दुसरा जोड घालून तिच्या खोल्यांतून. मोज्याचा तळवा बघायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. मार्क मी कॅलेंडरच्या पाठीवर लाल पेननं लिहीत होते. मोजे वाळत घालायचं काम तिचंच होतं, त्यामुळं तिला आपला निकाल रोज दोरीवर दिसायचा.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, मशीन चांगलं निघालं तर मी यायचं का न्हाई?"

मी म्हटलं, "निकाल लागू दे."

एवढंच. धीर द्यायला माझं काही जात नव्हतं, पण दिला नाही. ती घाबरलेली बरी, काम नीट करेल, असा माझा हिशेब.

आमचं घर जुन्या पद्धतीचं. खाली शहाबादी फरशी, खोली-खोलीला उंबरठा. मशीनला उंबरठा चढता येईना. ते कडेला येऊन धडकायचं आणि इंग्रजीत काहीतरी बोलून गप्प बसायचं. मग मी कामवालीला हाक मारायची. ती गुडघ्यावर हात दाबत यायची, मशीन उचलून पलीकडं ठेवायची, त्याच्या पोटातला कचरा काढायची, त्याचं फडकं धुवायची. म्हणजे जे तिला घालवायला आलं होतं त्याची उठबस तिनंच करायची. मला यात गंमत वाटत होती, हे लिहायला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

पाण्याचंही तसंच. लेकीनं बजावलं होतं की बोअरच्या क्षारानं मशीनची नळी बुजते, त्यात प्यायचंच पाणी घाल. लातुरात नळाला पाणी कितव्या दिवशी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही प्यायला जार विकत घेतो. मी तिला मशीनच्या टाकीत जारचं पाणी भरायला सांगितलं. ती स्वतः एकोणीस वर्षं मागच्या दारच्या नळाला ओंजळ लावून बोअरचंच पीत आली होती. तांब्या हातात धरून ती थांबली. "ह्याला जारचं?" म्हणाली. मी म्हटलं, मशीन आहे, बिघडेल. तिनं पाणी भरलं.

पहिले तीन दिवस मी खुर्चीवर पाय वर घेऊन दोघांवर नजर ठेवली. मशीनचा मोजा काळाकुट्ट निघाला. कोपरे तसेच, पलंगाखाली केसांची गुंतवळ. चार मार्क, चार मार्क, तिसऱ्या दिवशी दयेचे पाच. तिला रोज नऊ. दहा मी कुणालाच दिले नाहीत, पोटच्या पोरीलाही नाही.

तिसऱ्या दिवशी जाताना ती दाराशी घुटमळली. "बाई, निम्मं घर तसंच राहायलंय. असं निम्मं झाडून घरातून जाऊ न्हाई. मला घरी गेल्यावर चैन पडंना." मी फटकारलं. मशीनच्या खोल्यांना हात लावायचा नाही, नाहीतर परीक्षेला अर्थ काय. ती मान हलवून गेली.

चौथ्या दिवशी मला कंटाळा आला. मी पूर्वीसारखी सात ते आठ देवघराचं दार ओढून पूजेला बसू लागले. बाहेर मशीनची घरघर ऐकू यायची. आठला उठून मोजे घालायची. त्या दिवशी मशीनचा मोजा जरा बरा निघाला. सहा. मग सात. मग आठ. लेकीला फोन केला तर ती खूश झाली. म्हणाली, अगं आई, ते शिकतं, घराचा नकाशा त्याच्या डोक्यात बसला की सुधारतं. मला ते एकदम पटलं. शिकणारा विद्यार्थी मला आयुष्यभर आवडत आला. उलट कामवालीची गती रोज कमी होत होती. आठ वाजले तरी तिची मागची खोली बाकी असायची, चेहरा घामानं ओला. मी वेळेचे मार्क कापले. आठ, मग सात.

दहाव्या दिवशी मशीनला नऊ, तिला सात. मी कॅलेंडर तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नाही, तरी धरलं. आणि सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

ती कॅलेंडरकडं बघत राहिली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "बरं." मला वाटलं होतं रडेल, हातापाया पडेल. नाही पडली याचासुद्धा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मोजा काळा. तिसऱ्या दिवशी काळा. मी मशीनचा ब्रश सोडवला, धुतला, लेकीवर डाफरले. चौथ्या दिवशी मशीन दर्शनी खोलीतल्या दिवाणाखाली गेलं आणि किंचाळून बंद पडलं. काठी घालून बाहेर ओढलं तर चाकात कापड गुंडाळलेलं. उलगडलं. माझ्या जुन्या जांभळ्या सुती साडीचा तुकडा, फरशीसाठी मीच तिला फाडून दिलेला. पिळून वाळलेला, चौकोनी घडी अजून कळत होती.

मी फरशीवरच बसले. परीक्षेच्या चौथ्या दिवसापासून, मी देवापुढं डोळे मिटून बसलेली असताना, ती मशीनच्या खोल्या मशीनमागून पुसत होती. निम्मं घर घाण टाकून तिला जाववेना. मी ओरडेन म्हणून लपून, फडकं दिवाणाखाली सारून. तिच्या मेहनतीचे मार्क मी मशीनला दिले, आणि त्या मेहनतीत गेलेल्या वेळेचे तिचे कापले. शिकलं कुणीच नव्हतं, मी तर नाहीच नाही.

तिचं घर पायी दहा मिनिटांवर. संध्याकाळी चप्पल घालून निघाले, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि मागं फिरले. एकतीस वर्षांत मी एकदा दिलेला मार्क कधी बदलला नव्हता. चूक झाली, हे दोन शब्द कामवालीपुढं कसे काढायचे, हेच मला कळेना. मग मी रोज दार लावून स्वतः फरशी पुसायला लागले. दुसरी बाई ठेवायची तर गल्लीत प्रश्न निघाले असते.

महिन्याभरानं समोरची शेजारीण आली. तिच्या मुलानं मशीन घ्यायचं काढलं होतं. तुमचा अनुभव काय, घेण्यासारखं आहे का, असं तिनं सरळ विचारलं. मी फक्त नको म्हणायचं होतं. पण मग तिनं विचारलं असतं की कामवालीला का काढलं. मी म्हटलं, "घ्या. लई चांगलं आहे. शिकतं ते." समोरचं घर कामवालीचं शेवटचं होतं, हे बोलतानाही माझ्या डोक्यात होतं.

पंधरवड्यानं सकाळी कडी वाजली. ती होती. एक पाय दुखतोय हे उभं राहण्यावरूनच कळत होतं. समोरच्यांनी आजपासून नको सांगितलं, म्हणाली. 

"तुम्ही त्यास्नी मशीन चांगलं हाय म्हणून सांगितलं का, बाई?"

अजून वेळ गेली नव्हती. आत ये म्हणायला एक क्षण पुरला असता.

"हो," मी म्हटलं. "चांगलंच आहे."

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. तिची नजर माझ्या उजव्या हातावर होती. घाईत दार उघडायला आले तेव्हा ओलं फडकं हातातच राहिलं होतं आणि त्याचं पाणी उंबरठ्यावर टपकत होतं. 

"फडकं जोरात पिळत जावा, बाई," ती म्हणाली. "शहाबादीवर डाग राहतेत."

आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरून गेली.