माइकवर वाचलेली चिठ्ठी

माइक खरखरला की अजूनही माझ्या मस्तकात तिडीक जाते, कारण सिन्नरच्या शाळेतलं ते मोफत तपासणी शिबिर आठवतं. मी नाशिकहून गेलेली नवशिकी नर्स. डॉक्टरांनी तपासलं की चिठ्ठीवर पेशंटचं नाव आणि आजार लिहून औषधांच्या टेबलावर द्यायची. "सिस्टर, काय सुरेख अक्षर तुमचं!" सकाळीच संयोजक म्हणाले होते आणि मी खूश झाले होते. दुपारी फिनेलच्या आणि पाहुण्यांच्या हारांतल्या झेंडूच्या वासाने डोकं भणभणत असताना औषधं घ्यायला बोलावण्यासाठी संयोजकांनी माझी एक चिठ्ठी उचलली आणि भर पटांगणात माइकवरून वाचली: विड्या वळणाऱ्या एका तरुण बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि "टीबी!" शेजारी बसलेली तिची सासू झटकन बाजूला सरकली. मी औषधं घेऊन धावले. "मला एकटीला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, बाई?" ती म्हणाली, "आता घरात कोन घेईल मला?" औषधं न घेताच ती निघून गेली. "फुकट देतोय, तरी यांना किंमत नाही!" संयोजक म्हणाले. पुढे निवृत्त होईपर्यंत आजाराचं नाव मी मुद्दाम गिचमिडच लिहिलं. अक्षराला कुणी नावं ठेवली, तर खुशाल ठेवू देत.